ऑस्करच्या एका अवघड वाक्यामागची मुंबईची क्वीनी

२०२३च्या जानेवारीत मलेशियाची अभिनेत्री मिशेल यो हिला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा काही अमेरिकन बातम्यांमध्ये एक वाक्य छापून आलं आणि ते वाचून भल्याभल्यांचा गोंधळ उडाला. वाक्य साधारण असं होतं की मुख्य अभिनेत्रीच्या गटात नामांकन मिळवणारी ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी’ ही पहिलीच कलाकार. लोक चिडले, की ‘पहिली आशियाई’ एवढं सरळ लिहायला काय झालं होतं, म्हणवणारी म्हणजे काय, ती काय वेष घेऊन आली होती का? नंतर मार्चमध्ये तिनं ते ऑस्कर जिंकलंही, पण तो प्रश्न अजून दरवर्षी ऑस्करच्या सुमाराला कोणीतरी विचारतंच.

तर ते वाक्य बरोबर होतं. ते तसं लिहावं लागलं कारण १९३६ साली ह्याच गटात एका बाईला नामांकन मिळालं होतं जी आशियाई होती पण तसं म्हणवत नव्हती, जन्मभर म्हणाली नाही. तिचं नाव मर्ल ओबेरॉन आणि तिचा जन्म आपल्या मुंबईतला. तिची गोष्ट नीट समजून घ्यायची तर थोडे अमेरिकन कायदे, थोडी स्टुडिओंची कामाची पद्धत आणि एक जुना रडवणारा सिनेमा, असं तिन्ही एकत्र बघावं लागतं.

क्वीनी कोण होती

१९ फेब्रुवारी १९११ला मुंबईत एक मुलगी जन्मली, नाव ठेवलं एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरात सगळे क्वीनी म्हणायचे. बाप इंग्रज, रेल्वेत इंजिनिअर. जिला ती आई म्हणायची ती शार्लट सेल्बी, मूळची सिलोनची म्हणजे आजच्या श्रीलंकेची, मिश्र वंशाची, रंगानं सावळी. खरी गोष्ट ह्याहूनही अवघड होती. क्वीनीला जन्म दिला होता शार्लटच्या मुलीनं, कॉन्स्टन्सनं, आणि कॉन्स्टन्स तेव्हा स्वतःच शाळेत जायच्या वयाची पोर होती. तिच्यावर झालेला तो अन्यायच होता, दुसरा शब्द नाही. शार्लटनं नातीला स्वतःची मुलगी म्हणून वाढवलं आणि कॉन्स्टन्स मोठी बहीण म्हणून राहिली, म्हणजे लपवालपवी ह्या मुलीच्या आयुष्यात तिला कळायला लागायच्या आधीपासूनच होती.

१९१७च्या सुमाराला हे कुटुंब कलकत्त्याला गेलं. तिथं ला मार्टिनिअर शाळेत तिला स्कॉलरशिपवर घेतलं पण आईबापांवरून मुली इतकं चिडवायच्या की तिनं शाळा सोडली. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, संध्याकाळी हौशी नाटकं, क्लबांमधून ओळखी, आणि विशीच्या आत ती युरोपला गेली. लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डा ह्या निर्माता-दिग्दर्शकानं तिला उचललं, ओब्रायनचं ओबेरॉन झालं, १९३३ला आठव्या हेन्रीवरच्या त्याच्या सिनेमात ॲन बोलिनची छोटीशीच भूमिका मिळाली पण लोकांच्या लक्षात राहिली. मग हॉलीवूड, तिथला निर्माता सॅम्युअल गोल्डविनशी करार, १९३५चा ‘द डार्क एंजल’ आणि त्यासाठी नामांकन. १९३९च्या ‘वदरिंग हाइट्स’मधली लॉरेन्स ऑलिव्हिएसमोरची कॅथी म्हणजे तीच, हा सिनेमा तुमच्यातल्या काहींनी पाहिलाही असेल.

आणि जगाला काय सांगितलेलं? तर ही टास्मानियात होबार्टला जन्मलेली, चांगल्या गोऱ्या घरातली मुलगी, वडील लवकर गेले म्हणून भारतात नातेवाइकांकडे काही वर्षं राहिली. जन्माचे कागद मागितले तर ते आगीत जळाले. टास्मानिया का, तर ते ब्रिटिश होतं, गोऱ्यांचं मानलं जायचं, आणि लॉस एंजलिसपासून इतकं लांब की चौकशी करायला जाणार कोण.

‘पासिंग’ म्हणजे नेमकं काय

ह्या प्रकाराला अमेरिकेत ‘पासिंग’ म्हणतात. ज्या समूहात जन्म झाला त्याला समाजानं खाली ढकललेलं असतं, मग माणूस त्याची खूण पुसून वरच्या समूहातला म्हणून वावरायला लागतो, आणि लोक त्याला तसा ‘पास’ करतात. एवढाच अर्थ.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. शहरात भाड्यानं खोली बघायला गेलेला माणूस आडनाव सांगताना अडखळतो किंवा भलतंच सांगतो, कारण खरं सांगितलं तर खोली मिळणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला, त्यातला रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी हेच करतो आणि उघड झाल्यावर मार खातो. ती कथा वाचलेल्या माणसाला मर्ल ओबेरॉन समजवायला फार शब्द लागत नाहीत. त्यात चोरी करणाऱ्याकडे बघायचं की त्याला चोरी करायला लावणाऱ्यांकडे, हा प्रश्न बागुलांनी आपल्यासमोर कधीच ठेवलाय.

फरक एवढाच की खोलीसाठी लपवलेली गोष्ट खोली सोडली की संपू शकते, आणि नटीचं तसं नसतं, तिचा चेहराच विकायला ठेवलेला असतो, तो दोन माणसं उंच पडद्यावर दिसतो, मासिकात छापला जातो, त्यामुळे चोवीस तास आणि मरेपर्यंत तेच नाटक.

पण एवढं लपवायची गरज काय होती?

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळं ह्यावर उभं आहे. बऱ्याच जणांना वाटतं की तेव्हा अमेरिकेत लोकांच्या मनात भेदभाव होता, म्हणून बिचारी घाबरली. मनातला भेदभाव होताच, पण त्याच्याखाली लिहिलेले, शिक्का मारलेले नियम होते.

पहिला नियम येण्याचा आणि राहण्याचा. १९१७च्या कायद्यानं आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून अमेरिकेत येणं बंद केलं आणि त्या पट्ट्यात भारत होता. मग १९२३ साली भगतसिंग थिंद ह्यांचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. पंजाबी शीख माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला, त्याचं म्हणणं की नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसाला मिळतं ना, मग तेव्हाच्या शास्त्रानुसार आम्ही पण कॉकेशियनच, म्हणजे गोरे ज्या वंशाचे त्याच वंशाचे आहोत. कोर्टानं सांगितलं की शास्त्र राहू द्या, साधा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. निकाल विरुद्ध गेला आणि आधी नागरिकत्व मिळालेल्या काही भारतीयांचं नागरिकत्व परत काढून घेतलं गेलं. भारतीयांना नागरिक व्हायची परवानगी मिळाली ती १९४६ साली आणि तेव्हाही भारतातून वर्षाला फक्त १०० माणसांचा कोटा. मर्ल तिथं पोचली ती ह्या दोन तारखांच्या बरोबर मधे.

दुसरा नियम लग्नाचा. कॅलिफोर्नियासकट कितीतरी राज्यांत गोऱ्या आणि बिगरगोऱ्या माणसांच्या लग्नाला कायद्यानं बंदी होती. कॅलिफोर्नियातल्या शेतांवर राबायला गेलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले त्यामागे हे एक मोठं कारण होतं. कॅलिफोर्नियाच्या कोर्टानं ती बंदी १९४८ला उठवली, सगळ्या देशात ती गेली १९६७ला. मग काही राज्यांत ‘एक थेंबाचा नियम’ होता, म्हणजे पूर्वजांत एक जरी काळा असला तरी माणूस काळाच धरायचा, रंग कितीही उजळ असो. व्हर्जिनियानं १९२४ला हे सरळ कायद्यातच लिहून टाकलं.

तिसरा नियम खुद्द सिनेमाचा. हॉलीवूडच्या कंपन्यांनी मिळून एक नियमावली केली होती, हेज कोड, लिहिली १९३०ला आणि कडक लागू झाली १९३४पासून. त्यात वेगवेगळ्या वंशांच्या माणसांमधला शृंगार दाखवायला मनाई होती. कागदावर ती गोरे आणि काळे ह्यांच्याबद्दल होती पण तिची सावली आशियाई कलाकारांवरही पडायची. ॲना मे वाँग ही लॉस एंजलिसमध्येच जन्मलेली चिनी वंशाची अभिनेत्री, तेव्हाची नावाजलेली. १९३७चा ‘द गुड अर्थ’ हा चीनमधल्या शेतकऱ्यांचा सिनेमा निघाला तेव्हा नायिकेच्या कामासाठी तिचं नाव घेतलं जात होतं. पण नायक म्हणून गोरा पॉल म्युनी घेतलेला, त्याची बायको खरी चिनी कशी चालणार, म्हणून भूमिका गेली जर्मनीत जन्मलेल्या लुइस रायनरकडे आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं.

आता हे बघा. ‘द गुड अर्थ’चा दिग्दर्शक सिडनी फ्रँकलिन, आणि दोनच वर्षं आधीच्या ‘द डार्क एंजल’चा दिग्दर्शकही तोच. म्हणजे एकाच माणसाच्या कॅमेऱ्यासमोर दक्षिण आशियाई रक्ताची मुलगी इंग्रज बनून उभी राहिली आणि युरोपातली गोरी बाई चिनी शेतकरीण बनून. दुसरीनं काय केलं ते सगळ्यांना दिसत होतं आणि त्याला अभिनय म्हणत होते. पहिलीनं तेच उलट्या बाजूनं केलं, आणि ते उघड झालं असतं तर तिचं काम संपलं असतं.

स्टुडिओ हे जमवायचे कसे

तेव्हा नट-नट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असायच्या, करार साधारण सात-सात वर्षांचे. त्यात वागणुकीचं कलम असायचं, बदनामी झाली की करार रद्द. प्रत्येक स्टुडिओचं पब्लिसिटीचं खातं असायचं आणि त्या लोकांचं कामच हे की नवीन मुलीला नवीन नाव, नवीन गाव, नवीन आईबाप द्यायचे आणि ते फॅन मासिकांमध्ये पेरायचे. मासिकांना स्टुडिओकडून फोटो आणि मुलाखती हव्या असायच्या त्यामुळे उलटतपासणी कोणी करत नसे.

मर्लच्या बाबतीत सुरुवातीला तिला ‘गूढ पूर्वेकडची’ म्हणूनच दाखवलं जात होतं, १९३४ला एका सिनेमात तर तिनं जपानी बाईचं काम केलं, तिरपे डोळे काढलेला मेकअप वगैरे. गोल्डविननं तो सगळा प्रकार काढून टाकला, साधे कपडे, साधे केस, इंग्लंडच्या खेड्यातली मुलगी, आणि ‘द डार्क एंजल’मध्ये लोकांनी ते मान्य केलं. म्हणजे तिच्या चेहऱ्यात काय बघायचं हे दोन्ही वेळा मेकअप आणि प्रकाशच ठरवत होते.

प्रकाशावरून आठवलं. १९३७ला लंडनमध्ये तिच्या गाडीला अपघात झाला, चेहऱ्यावर व्रण राहिले. तिचा पुढचा नवरा ल्युसिअन बॅलार्ड हा कॅमेरामन, त्यानं कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसवायचा एक दिवा तयार केला ज्यानं समोरून मऊ उजेड पडून व्रण दिसेनासे होतात. त्या दिव्याला तिच्या आडनावावरून ‘ओबी’ म्हणतात आणि शूटिंगवाल्यांच्या बोलण्यात तो शब्द अजून आहे.

ज्या वर्षी ती हरली त्या वर्षी कोण जिंकलं

१९३६च्या त्या ऑस्करमध्ये मर्लला हरवलं बेट्टी डेव्हिसनं, सिनेमा ‘डेंजरस’. हा मेलोड्रामा. मेलोड्रामा म्हणजे भावना उंच आवाजात मांडणारा, योगायोग आणि गुपितांवर चालणारा, घर-प्रेम-त्याग ह्यांच्याभोवती फिरणारा सिनेमा, आपल्याकडच्या जुन्या कौटुंबिक बोलपटांचा सख्खा भाऊ. ‘डेंजरस’ची नायिका एकेकाळची मोठी रंगभूमीवरची नटी, आता दारूत बुडालेली, एक तरुण आर्किटेक्ट तिला सावरतो, तिच्यावर भाळतो, लग्नाचं ठरवतो, आणि ती त्याच्यापासून लपवते की तिला आधीच एक नवरा आहे.

म्हणजे भूतकाळ लपवणाऱ्या नटीचं काम करणारीला ऑस्कर मिळालं आणि खरोखर भूतकाळ लपवणारी नटी समोर बसून टाळ्या वाजवत होती की नव्हती ते सोडा, पण नामांकनात तिच्या शेजारी होती. मला ह्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हॉलीवूडला लपवलेल्या भूतकाळाची गोष्ट फार आवडायची, पण तो भूतकाळ नवरा, प्रियकर, अनौरस मूल, दारू असल्या तऱ्हेचा असला तर. ज्याच्यावर पश्चात्ताप करून शेवटी माफी मिळते असा. मर्लच्या भूतकाळात तिनं केलेलं पाप काहीच नव्हतं, त्यामुळे त्याला माफीही नव्हती.

आणि तो एक सिनेमा, ज्यात खरं बोललं गेलं

‘इमिटेशन ऑफ लाइफ’. फॅनी हर्स्ट ह्यांच्या १९३३च्या कादंबरीवरून युनिव्हर्सल कंपनीनं हा दोनदा काढला, १९३४ला जॉन स्टाल ह्यांनी आणि १९५९ला डग्लस सर्क ह्यांनी. पासिंग म्हणजे काय हे कळायला दहा पुस्तकांपेक्षा हा एक सिनेमा पुरे, असं माझं मत आहे.

१९५९ची गोष्ट अशी. लोरा ही विधवा, नटी व्हायच्या जिद्दीनं न्यूयॉर्कमध्ये धडपडणारी, काम केलंय लाना टर्नरनं. तिच्याकडे ॲनी नावाची काळी बाई आपल्या मुलीला घेऊन राहायला येते आणि घर सांभाळते. लोराला एक मुलगी, ॲनीला एक, चौघी एका छताखाली वाढतात, लोरा पुढे मोठी स्टार होते. पण सिनेमाचा जीव लोरात नाहीच. तो आहे ॲनीची मुलगी सारा जेन हिच्यात, जी इतकी गोरी आहे की कोणालाही गोरीच वाटते. आई शाळेत काही द्यायला येते तेव्हा बाई म्हणतात इथं अशी कोणी काळी मुलगी नाही, आणि वर्गात बसलेली मुलगी तोंड लपवते. मोठी झाल्यावर तिचा गोरा मित्र तिची आई कोण हे कळल्यावर तिला गल्लीत मारमार मारतो. मग ती घर सोडते, नाव बदलते, नाइटक्लबमध्ये नाचायला लागते.

ॲनी आजारी असते, मरायच्या आधी एकदा मुलीला बघायचं म्हणून तिच्या खोलीवर जाते. तेवढ्यात सारा जेनची मैत्रीण आत येते. आता ही बाई कोण म्हणून सांगायचं? आईच पटकन म्हणते की मी हिला सांभाळायची पूर्वी, गावात आले होते म्हणून भेटायला आले. मैत्रीण गमतीनं म्हणते, अगं म्हणजे तुला दाई होती की! आणि सारा जेन रडत उत्तर देते, हो, सगळं आयुष्यभर होती. हा प्रसंग बघून कोरडी राहिलेली माणसं मी फार कमी पाहिलीत.

१९३४ला हाच सिनेमा काढताना हेज कोडवाले अडून बसले होते, कारण मुलगी एवढी गोरी आहे म्हणजे कुठंतरी गोऱ्या-काळ्यांचा संबंध आलेला असणार, आणि ते नुसतं सुचवणंही त्यांना नको होतं. तरी तो निघाला. त्यात ती गोरी दिसणारी मुलगी झालेली फ्रेडी वॉशिंग्टन खरोखर काळ्या समाजातली होती, हिरवट डोळे, गोरा रंग. तिनं सिनेमात पासिंग केलं पण आयुष्यात कधी केलं नाही, साफ नकार दिला, १९३७ला काळ्या कलाकारांची संघटना उभी करणाऱ्यांत ती होती. त्याची किंमत तिनं मोजली, मोलकरणीच्या भूमिकेला ती ‘फार गोरी’ आणि नायिकेला ‘काळी’, एका सिनेमात तर तिला चेहरा काळा करायला लावला होता, पुढे सिनेमातलं काम आटलंच. १९५९च्या सिनेमात तीच भूमिका सुझन कोनरला दिली, जी काळ्या समाजातली नव्हतीच, आई मेक्सिकन आणि वडील युरोपातून आलेले ज्यू. तिला आणि ॲनी झालेल्या हुआनिटा मूरला, दोघींनाही सहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं.

मर्लच्या घरात काय चाललं होतं ते आता वाचा. शार्लट तिच्याबरोबर इंग्लंडला राहायला होती, आणि पाहुणे आले की ती घरातली मोलकरीण म्हणून वावरायची असं तिच्या चरित्रांमधून लिहिलं गेलंय. १९३७ला शार्लट वारली. नंतर मर्लनं जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं आणि त्यात तिचा रंग उजळ करायला सांगितला, हेही सांगितलं जातं. तिच्यावर टीका करणारे ह्या चित्राचा दाखला देतात. मला त्यात वेगळंच दिसतं, ज्या बाईला फोटोत शेजारी उभं करता आलं नाही तिला कुठल्यातरी रूपात भिंतीवर लावायची तिची धडपड.

‘नाव तर सगळेच बदलायचे, मग एवढं काय?’

बरोबर, बदलायचे. आपल्याकडेही. मूकपटांच्या काळात आपल्या पडद्यावरच्या कितीतरी नायिका अँग्लो-इंडियन किंवा ज्यू होत्या, कारण सिनेमात काम करणं इतर घरांमधून वाईट समजलं जायचं. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स बगदादी ज्यू, तीही आधी टेलिफोन ऑपरेटर, ‘सुलोचना’ नावानं देशातली सगळ्यात मोठी स्टार झाली आणि १९७३चा फाळके पुरस्कारही तिला मिळाला. रेनी स्मिथची सीतादेवी झाली.

पण सुलोचना म्हणजे रूबी मायर्स हे प्रेक्षकांना माहीत होतं आणि त्यानं तिचं काही बिघडलं नाही. पडद्यावरचं नाव ही एक गोष्ट. आई लपवावी लागणं ही दुसरी. नाव उघड झाल्यावर नोकरी, लग्न, देशात राहण्याचा हक्क जातो का, हे विचारलं की दोन्हीतला फरक लगेच कळतो.

‘पण ती अर्धी गोरीच होती ना, मग खोटं काय बोलली?’

तिचा बाप इंग्रज होता हे खरं, आणि तिला स्वतःला इंग्रज म्हणायचा हक्क होता असं म्हणता येईल. अडचण अशी की तिथल्या नियमांत अर्धं चालत नव्हतं. एक बाजू सांगितली की दुसरी आपोआप रद्द व्हायची आणि कुठली रद्द होणार हे माणसाच्या हातात नव्हतं. भारतातही अँग्लो-इंडियन लोकांची तीच कुचंबणा, इंग्रज क्लबात घेईनात आणि शेजारपाजार आपलं म्हणेना. कलकत्त्याच्या त्या शाळेत तिनं हे लहानपणीच बघितलेलं.

‘जिनं आपल्याला नाकारलं तिचा अभिमान आपण का बाळगायचा?’

हा आक्षेप मला मनापासून पटतो, निदान अर्धा. तिनं पुढे बक्कळ पैसा मिळवला, कोर्डाशी लग्न केलं, त्याला १९४२ला सर ही पदवी मिळाली आणि ती लेडी कोर्डा झाली. काळ बदलला, भारत स्वतंत्र झाला, कायदे गेले, १९६७ आलं, तरी ती बोलली नाही. तिचा एक भाऊ, म्हणजे कॉन्स्टन्सचा पुढच्या संसारातला मुलगा, त्यानं मुंबईच्या सरकारी दफ्तरातून तिचा जन्मदाखला शोधून काढला, भेटायला लॉस एंजलिसपर्यंत गेला. तिनं भेट नाकारली. त्याच्या जागी स्वतःला ठेवलं की राग येतो आणि तो यायलाच पाहिजे.

पण १९७८ साली होबार्टला काय झालं तेही बघा. टास्मानियाच्या लोकांनी तिला आपली लेक मानलेलं, तिथं तिच्या जन्माच्या दंतकथा तयार झालेल्या, एका कथेत तर तिची आई चिनी असल्याचं सांगायचे. नगरपालिकेनं तिचा सत्कार ठेवला. ६७ वर्षांची बाई, ज्या गावात जन्मल्याचं चाळीसेक वर्षं सांगितलं तिथं पहिल्यांदा उभी. त्या सत्काराच्या वेळी ती चाचरली, आपण इथं जन्मलोच नाही असं काहीतरी बोलली आणि तब्येतीचं कारण देऊन निघून गेली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९मध्ये ती वारली. म्हणजे इतक्या वर्षांत तिला मोकळं होता आलं नव्हतंच. खोटं एवढं जुनं झालं की त्याच्यावर नवरे, मुलं, घरं, मैत्री सगळं उभं राहतं, आणि मग कायदा गेला तरी खालची वीट काढायची हिंमत होत नाही.

त्यामुळे अभिमान बाळगा असं माझं म्हणणं नाही. राग धरायचा असेल तर तो नीट वाटून धरा, तिच्या वाट्याला थोडा, आणि मोठा वाटा त्या १९१७च्या, १९२३च्या, १९३४च्या कागदांना.

‘मेल्यावर उघडं करणं बरोबर आहे का?’

तिनं जे जन्मभर झाकलं ते आपण का उघडं करायचं, हा प्रश्न चांगला आहे. ते उघड झालं १९८३च्या चरित्रातून, आणि २०२५ला मयूख सेन ह्यांचं ‘लव्ह, क्वीनी’ हे नवं चरित्र आलंय त्यातून ती बरीच माणूस म्हणून समोर येते. माझं उत्तर असं की हे गुपित तिच्या एकटीचं नव्हतं. शार्लट आणि कॉन्स्टन्स ह्या दोघींची नावं त्याच्याखाली गाडली गेली होती. एकीनं मुलगी म्हणून वाढवलं आणि मोलकरीण म्हणून राहिली, दुसरीनं जन्म दिला आणि बहीणसुद्धा धड राहिली नाही. मर्ल गप्प राहिली तो तिचा हक्क असेल, ह्या दोघींना मात्र कोणी विचारलं नव्हतं.

मग पहिली कोण?

दोघी, आणि म्हणूनच ते वाक्य तसं अवघड लिहावं लागलं. आशियाई रक्ताची पहिली नामांकित मुख्य अभिनेत्री मर्ल ओबेरॉन, १९३६. आपण आशियाई आहोत हे उघड सांगून नामांकन मिळवणारी आणि जिंकणारी पहिली मिशेल यो, २०२३. मधे ८७ वर्षं. नुसतं ‘पहिली आशियाई’ लिहिलं तर मर्ल पुन्हा एकदा गोरी ठरते आणि ‘पहिली’ म्हणून फक्त मर्लला धरलं तर मिशेल योनं जे उघडपणे केलं त्याची किंमत राहत नाही. रक्ताची नोंद आणि ओळखीची नोंद ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विक्रमांच्या यादीत त्या दोन ओळींत लिहाव्यात, एवढाच त्याचा उपाय.

बघायचं असेल तर आधी ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ १९५९चा बघा, रंगीत आहे, रुमाल जवळ ठेवा, मग १९३४चा, म्हणजे फ्रेडी वॉशिंग्टन दिसेल. त्यानंतर ‘वदरिंग हाइट्स’ लावा. त्यात कॅथी हीथक्लिफबद्दल, एका सावळ्या, कुठून आला ते माहीत नसलेल्या मुलाबद्दल, मीच हीथक्लिफ आहे असं म्हणते. ते कोण म्हणतंय हे आता तुम्हाला माहीत आहे.